आज एक थेंबही घेतलेला नाही

पत्र:

डॉक्टर, मी ३८ वर्षांचा, वजन ७४ किलो. राहायला कासारवडवली, नोकरी महाप्याला एमआयडीसीत. रोज पिणारा नाही, महिन्यातून दोनदा मित्रांबरोबर बसतो. जूनमध्ये एका रविवारी कोलशेतला मित्राकडे बसलो होतो. साडेआठला सुरू केलं, एकला थांबलो. एक स्ट्राँग बीअर आणि मग तीन लार्ज. घरी रिक्षाने आलो, कारण पिऊन गाडी चालवायची नाही हा माझा जुना नियम आहे. सकाळी आंघोळ केली, चहा घेतला आणि पावणेसातला मुलीला शाळेत सोडायला गाडी काढली. ती तिसरीत आहे. सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाली, "बाबा, तुझ्या तोंडाला अजून कालचा वास येतोय." काही झालं नाही, कोणी अडवलं नाही, पण तेव्हापासून मनातून जात नाही. म्हणून ऑनलाइन सोळाशे रुपयांचं श्वास तपासायचं यंत्र मागवलं. पंधरा दिवसांपूर्वी शनिवारी बसलो होतो, रविवारी सकाळी सातला फुंकलं तर ०.०४ आलं आणि हिरवा दिवा लागला. मग गाडी घेऊन भाजी आणायला गेलो. आता गटारी येतेय. सोमवारी सकाळी फुंकून मगच निघायचं असं ठरवलंय. बायको म्हणते, "यंत्र आणलंस म्हणजे सकाळी गाडी काढायची सोय करून घेतलीस." यंत्रावर भरवसा ठेवू का? किती आकडा चालेल? आणि माझं काही चुकतंय का?
– एक बाबा, घोडबंदर रोड

उत्तर:

आधी त्या हिरव्या दिव्याबद्दल लिहिते, कारण गटारीला दिवस थोडे उरलेत.

तुमच्या यंत्रावर ०.०४ आलं. हा आकडा टक्क्यांमधला असावा, बहुतेक घरगुती यंत्रं तोच दाखवतात. ०.०४ टक्के म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ४० मिलिग्रॅम दारू. आपल्याकडे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ प्रमाणे मर्यादा आहे ३० मिलिग्रॅमची, म्हणजे यंत्राच्या भाषेत ०.०३. त्या रविवारी तुम्ही कायद्याची मर्यादा ओलांडलेल्या अवस्थेत, हिरवा दिवा बघून, भाजीला गेला होतात.

यंत्राने खोटं सांगितलं असंही नाही. ही यंत्रं बहुधा परदेशातल्या बाजारासाठी बनलेली असतात आणि त्यांचे दिवे तिथल्या कायद्याला लावलेले असतात. अमेरिकेत जवळजवळ सगळ्या राज्यांत मर्यादा ०.०८ आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम, स्कॉटलंडमध्ये ५०. त्या देशांत ज्याला हिरवा मिळतो, त्याच्यावर आपल्या ठाणे शहरात खटला भरला जाऊ शकतो. तेव्हा रंगांकडे बघणं आजपासून बंद करा. यंत्रात मर्यादा बदलायची सोय असेल तर बदला, नसेल तर दिव्यावर चिकटपट्टी लावा आणि फक्त आकडा वाचा.

आकडा वाचतानाही एक खड्डा आहे. काही यंत्रं रक्ताचं प्रमाण न दाखवता एक लिटर श्वासात किती मिलिग्रॅम दारू आहे ते दाखवतात. फुप्फुसातून येणाऱ्या हवेत असते त्याच्या साधारण २१०० पट दारू तेवढ्याच रक्तात असते, असं धरून हे हिशेब केलेले असतात. त्या मापात आपली ३० मिलिग्रॅमची मर्यादा ०.१४ च्या आसपास येते. आणखी काही यंत्रं एक लिटर रक्तात किती ग्रॅम ते दाखवतात, तिथे तीच मर्यादा ०.३ होते. म्हणजे ०.०३, ०.१४ आणि ०.३ हे तिन्ही आकडे एकाच अवस्थेचे. यंत्राच्या पाठीवर किंवा माहितीपत्रकात एकक लिहिलेलं असतं. ते आज काढून वाचा.

आता तुमच्या नियमाकडे येते. पिऊन गाडी चालवायची नाही हा नियम चांगला आहे आणि रात्री एकला रिक्षा करून घरी येणारे तुम्ही बेफिकीर माणूस नाही. पण तुमच्या नियमात "पिऊन" हा शब्द झोपेपर्यंतच टिकतो. झोपून उठलं की नवा दिवस, नवं खातं. ही समजूत तुमच्या एकट्याची नाही. मी सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात पुष्कळ वर्षं ड्यूटी केली आहे. पोलिसांनी आणलेल्या माणसाची तपासणी करून आम्ही कागदावर लिहायचो: तोंडाला दारूचा वास येतो किंवा नाही, बोलणं स्पष्ट की अडखळत, डोळ्यांच्या बाहुल्या कशा, चाल सरळ की झोकांड्या जाणारी. आणि मग रक्ताचा नमुना. रात्रपाळीत ज्यांना आणलं जाई त्यांच्याबद्दल कोणाला फारशी शंका नसे. सकाळी आणलेल्यांचं वेगळं असायचं.

एक टेम्पोवाला आठवतो. पावसाळ्याचे दिवस होते, सकाळचे सात वाजले असतील. सर्व्हिस रोडवर फिरायला निघालेल्या एका आजोबांना त्याच्या टेम्पोचा धक्का बसला होता. आजोबांचं मांडीचं हाड मोडलं होतं आणि ते "माझी चप्पल कुठंय" एवढंच विचारत होते. टेम्पोवाला पळून गेला नव्हता, त्यानेच त्यांना उचलून आणलं होतं. चाल सरळ, बोलणं स्वच्छ, कपडे धुतलेले, कपाळाला गंध. मला हात जोडून म्हणाला, "मॅडम, आज एक थेंबही घेतलेला नाही. घेतली ती काल रात्री." तो खरं बोलत होता. रक्ताचा अहवाल पुष्कळ दिवसांनी आला आणि त्यातला आकडा मर्यादेच्या वर होता. कोर्टात साक्षीला गेले तेव्हा तो बाकावर बसला होता, त्याच्या चेहऱ्यावर तेव्हाही तेच होतं: पण मी तर काल रात्री प्यायलो होतो.

तुमचं पत्र वाचताना मला तो आठवला, म्हणून तुमच्या जूनच्या रविवारचा हिशेब मी कागदावर मांडून बघितला.

आपल्याकडच्या व्हिस्कीत साधारण ४२.८ टक्के दारू असते. ६० मिलिलिटरचा एक लार्ज म्हणजे वीस ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. तीन लार्ज, म्हणजे एक क्वार्टर, साठ ग्रॅम झाले. स्ट्राँग बीअरला लोक हलकी समजतात, सुरुवात म्हणून घेतात, मोजत नाहीत. तिच्यावर ८ टक्क्यांपर्यंत लिहिलेलं असतं. ६५० मिलिलिटरच्या बाटलीत चाळीस ग्रॅम अल्कोहोल जातं, म्हणजे दोन लार्ज. तुम्ही लिहिलंत एक बीअर आणि तीन लार्ज, मनात तुम्ही चार धरले असणार. यकृताने पाच मोजले. शिवाय मित्राच्या घरी माप नसतं, ग्लासात डोळ्याच्या अंदाजाने ओतलं जातं, त्यामुळे मी पाच धरतेय तेही कमीच असेल.

तर शंभर ग्रॅम. एरिक विडमार्क या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९३२ मध्ये मांडलेलं सूत्र आजही वापरात आहे. पुरुषाच्या वजनाच्या साधारण ६८ टक्के भागात दारू पसरते, बाईच्या बाबतीत ५५ टक्के. (म्हणूनच तेवढ्याच वजनाच्या बाईला तेवढीच दारू जास्त चढते. ही अशक्तपणाची गोष्ट नाही, शरीरात पाण्याचा वाटा कमी असतो.) ७४ किलोच्या तुम्हाला शंभर ग्रॅम म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात सुमारे २०० मिलिग्रॅम. हे एकदम चढत नाही, कारण पीत असतानाच उतरणंही सुरू असतं. यकृत ठराविक वेगाने काम करतं. सरासरी धरली तर तासाला १५ मिलिग्रॅम. साडेआठपासून पावणेसातपर्यंत सव्वादहा तास, म्हणजे १५४ मिलिग्रॅम गेले. उरले ४६.

मुलगी शेजारी बसली होती तेव्हा हे ४६.

पण १५ ही सरासरी झाली. कोणाचं यकृत तासाला २० मिलिग्रॅम काढतं, कोणाचं जेमतेम १०. वीसवाल्याचा हिशेब साडेसहालाच शून्यावर आलेला असतो. दहावाल्याच्या रक्तात पावणेसातला ९७ मिलिग्रॅम असतात आणि तो तीसच्या खाली येतो दुपारी दीडला. तिघं एकाच टेबलावर बसले, सारखंच प्यायले, सारख्याच वेळी उठले, आंघोळ करून सारखेच ताजेतवाने दिसले. त्यातले तुम्ही कोणते हे मला सांगता येणार नाही आणि तुम्हालाही नाही. जेवण आधी झालं का, किती झालं, यानेही फरक पडतो. म्हणून "आठ तास झाले की चालतं" असले ठोकताळे मी कोणाला देत नाही.

आणि तुम्हाला मात्र वाटत होतं की उतरली. आपल्या भाषेत दारू चढते आणि उतरते, आणि उतरली हे आपण स्वतःच्या अंगावरून ठरवतो. इथेच फसगत होते. रक्तात दारू वाढत असताना जो आकडा जड वाटतो, तोच आकडा खाली येताना हलका वाटतो. मेंदू तोवर तिला सरावलेला असतो. रात्री दहाला ४६ मिलिग्रॅम असताना तुम्ही स्वतःच म्हणाला असतात की थोडी लागलीय, किल्ली नको. सकाळी पावणेसातला तेच ४६ कोरे वाटतात, कारण तुलना रात्री एकच्या अवस्थेशी होते. पण समोरची स्कूटर अचानक वळली तर ब्रेकवर पाय जायला लागणारा वेळ भावनेवर चालत नाही. ताशी ५० किलोमीटरच्या वेगाने गाडी सेकंदाला चौदा मीटर जाते. अर्धा सेकंद उशीर झाला तर सात मीटर. घोडबंदर रोडवर सकाळी पावणेसातला सात मीटरात काय काय असतं ते तुम्ही रोज बघता: शाळेच्या बसकडे धावणारी पोरं, मेट्रोच्या पत्र्यांमधून रस्ता ओलांडणाऱ्या कामवाल्या बायका, पाण्याने भरलेला खड्डा चुकवणारा दूधवाला.

आंघोळ, चहा, लिंबू सरबत, ताक, पोहे, बोट घालून काढलेली उलटी, यातल्या कशानेही यकृताचा वेग वाढत नाही. झोपेनेही नाही. झोपेत वेळ जातो, तेवढंच. आणि सकाळी "उतारा" म्हणून एक स्मॉल घेणाऱ्यांनी हे पत्र मला वेगळं लिहावं, कारण तिथे प्रश्न गाडीच्या पुढचा आहे.

मुलीला आलेला वास हाही मोजमाप नव्हे, हे सांगून ठेवते. वास दारूतल्या इतर पदार्थांचाही असतो आणि त्यावरून रक्तातला आकडा कळत नाही. वास आला नाही म्हणून सुटलो, असं उद्या कोणी समजू नये. बडीशेप किंवा मिंट चावून तर मुळीच नाही.

आता यंत्र. मला ही यंत्रं आवडतात. ज्याला स्वतःचा अंदाज खरा वाटतो, त्याच्या समोर ती एक आकडा ठेवतात, आणि तसं करणारं दुसरं काही घरात नसतं. पण सोळाशे रुपयांत मिळणाऱ्या यंत्रात बहुधा अर्धवाहक सेन्सर असतो. त्याच्या तापलेल्या पृष्ठभागावर श्वासातली वाफ लागली की विजेचा प्रवाह बदलतो. तो दारू ओळखतो, पण दारूसारख्या इतर वाफांनाही फसतो. मधुमेह आटोक्यात नसलेल्या माणसाच्या श्वासातलं अॅसिटोन, नुकतंच हाताला लावलेलं सॅनिटायझर, दमट हवा, या सगळ्याने आकडा हलतो. वापरता वापरता तो सरकतोही. पोलिसांच्या आणि महागड्या यंत्रांत फ्युएल सेल असतो. तिथे प्लॅटिनमच्या पट्टीवर दारूची रासायनिक क्रिया होऊन वीज तयार होते, जेवढी दारू तेवढी वीज. तो पुष्कळ अचूक असतो, किंमत काही हजारांत जाते. तुम्ही नवं घ्यायचं ठरवलंत तर फ्युएल सेलचंच घ्या. पण त्यालाही ठराविक काळाने, सहा महिने म्हणा की वर्ष, जे माहितीपत्रकात असेल त्याप्रमाणे, पुन्हा कॅलिब्रेट करावं लागतं, म्हणजे त्याचा आकडा तपासून जुळवून घ्यावा लागतो. ती सोय विकणारा देतो का, हे घेण्याआधी विचारायचं. बहुतेक लोक विचारत नाहीत आणि तीन वर्षांनी तेच यंत्र तोंडाला लावतात.

तुमच्याकडच्या यंत्राची परीक्षा घरीच घेता येईल. आठवडाभर काही घेतलेलं नसताना एका सकाळी फुंका. ०.०० यायला हवं. मग एखाद्या संध्याकाळी, कुठेही जायचं नसताना, तुम्ही नेहमी घेता त्यातला एक लार्ज झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने फुंका. तेव्हा काहीतरी आकडा यायला हवा. दुसरी परीक्षा लोक करत नाहीत आणि तीच महत्त्वाची. म्हातारा झालेला सेन्सर शून्य दाखवण्यात फार पटाईत असतो.

फुंकण्याचीही रीत आहे. दारूवाला माउथवॉश किंवा खोकल्याचं औषध घेतलं असेल तर तोंडात राहिलेली दारू मोजली जाते, म्हणून त्यानंतर निदान पंधरा-वीस मिनिटं थांबा. शेवटच्या घोटानंतरही तेच. सिगारेट ओढून लगेच फुंकू नका, सेन्सर खराब होतो. श्वास खोल घेऊन शेवटपर्यंत, एकसारखा सोडायचा, कारण आपल्याला फुप्फुसाच्या तळातली हवा हवी असते, गालातली नाही. अर्धवट फुंकलं की आकडा कमी येतो, आणि घाईच्या सकाळी माणूस नकळत अर्धवटच फुंकतो. पाच मिनिटांच्या अंतराने दोनदा फुंका आणि मोठा आकडा खरा माना. यंत्र गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. मे महिन्यात काचेआड बंद गाडीत जे तापतं ते कोणताही सेन्सर फार दिवस सोसत नाही.

किती आकडा चालेल, असं तुम्ही विचारलंत. माझं उत्तर ०.०० आहे. ०.०२ नाही, ०.०१ही नाही. मी कायद्याहून कडक होतेय हे मला माहीत आहे. तुमच्या यंत्राची चूक ०.०१ इकडे तिकडे सहज असू शकते, तेव्हा त्याचे ०.०२ हे खरे ०.०३ असू शकतात. आणि ३० मिलिग्रॅम ही खटला भरण्याची रेघ आहे. त्या रेघेच्या खाली हात-डोळे पूर्ण शाबूत असतात असं शरीरात कुठेही लिहिलेलं नाही.

यापुढची गोष्ट ही, की ०.०० आलं तरी मी तुम्हाला लगेच किल्ली देणार नाही. यंत्र दारू मोजतं. रात्री एकला थांबून दीडला झोपलेल्या आणि सहाला उठलेल्या माणसाची झोप ते मोजत नाही. दारू पिऊन आलेली झोप तुटक असते, पहाटेकडे तर फारच. डोकं ठणकतंय, हात किंचित थरथरतात, घशाशी आंबट येतंय, चिडचिड होतेय, अशा माणसाचं रक्त कोरं असलं तरी तो गाडी वाईट चालवतो. म्हणून यंत्राशी व्यवहार एकाच दिशेचा ठेवा. ते "नको" म्हणालं तर निमूट ऐकायचं. ते "चालेल" म्हणालं तर ती परवानगी समजायची नाही, तिथून पुढे तुमची झोप आणि तुमचं डोकं यांची तपासणी सुरू होते. नाकाबंदीत तुमच्या यंत्राचा आकडा दाखवून काही उपयोग नाही, तिथे त्यांच्या यंत्राचाच कागद निघतो.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण ते तुम्ही विचारलेलं नाही पण माहीत असावं. सप्टेंबर २०१९ पासून पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. स्कूटरलाही तेच कलम. कॉम्प्लेक्सच्या गेटपासून शाळेपर्यंत दोनच किलोमीटर आहेत, याला कलमात सूट नाही. दारूच्या अमलाखाली झालेल्या अपघातात स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई विमा कंपनी नाकारू शकते, पॉलिसीत तशी अट असते.

आता तुमच्या बायकोचं म्हणणं. यंत्र घेतलंत हे बरंच केलंत, आणि मुलीच्या एका वाक्याने तुम्ही इतके अस्वस्थ झालात याचं मला फार बरं वाटलं. पण तिचा मुद्दा बरोबर आहे. यंत्र येण्याआधी सोमवारी सकाळी तुम्हाला भीती वाटली असती आणि कदाचित तुम्ही रिक्षा केली असती. यंत्र आल्यावर तुम्ही ०.०४ वर भाजीला गेलात. ज्या सकाळी तुम्ही ठरवायला बसता, त्या सकाळी तुमचं डोकं जड असतं, मुलगी दप्तर घेऊन दारात उभी असते, शाळेचं गेट बंद व्हायला पंधरा मिनिटं असतात. त्या वेळी आकडा ०.०१ आला तर तुम्ही "जवळजवळ शून्यच" म्हणाल. मीही म्हटलं असतं. म्हणून हा निर्णय सकाळवर ठेवायचाच नाही. तो आदल्या दिवशी, पहिला ग्लास भरायच्या आधी, घ्यायचा.

आणि प्रमाणाबद्दलही लिहिते, कारण तुम्ही विचारलं नसलंत तरी ते डॉक्टर म्हणून मला सोडता येत नाही. एका बैठकीत पाच लार्जएवढी दारू हे पुष्कळ आहे, महिन्यातून दोनदा असली तरी. तुमच्या वजनाला दोन लार्ज, साडेआठला सुरू करून साडेदहाच्या आत संपवले, तर सगळ्यात संथ यकृताचं गणित धरूनही पहाटे पाचपर्यंत रक्त कोरं व्हायला हवं, आणि झोपही पुरी होते. बीअर घेतलीत तर ती स्ट्राँगची बाटली म्हणजेच ते दोन लार्ज, वर काही नाही. मित्र आग्रह करतील. ठाण्यात गटारीला आग्रह कसा होतो ते मला माहीत आहे, मी याच गावात वाढले. "उद्या सकाळी मुलीला सोडायचंय" एवढं कारण पुरेसं आहे आणि ते खरं आहे. ज्या मित्राला तेवढं पटत नाही, त्याच्याकडे शनिवारी बसा. पण मग रविवारी गाडी काढायची नाही, भाजीलाही नाही. वाणी आणि भाजीवाला दोघं घरी पाठवतात.

गटारी रविवारी करणार आणि दोनवर थांबणार नसाल, तर सोमवारची व्यवस्था अशी करा. गाडीची किल्ली रविवारी दुपारीच बायकोच्या हातात द्या आणि सोमवारी संध्याकाळपर्यंत मागू नका. यंत्रही तिच्याकडेच राहू दे. सकाळी फुंकायचं असेल तर खुशाल फुंका, पण किल्ली मिळवायला नाही, स्वतःला कळावं म्हणून. सातला, नऊला, अकराला फुंकून आकडे एका कागदावर लिहा. आपली दारू नक्की किती वेळाने उतरते हे तुम्हाला पहिल्यांदाच दिसेल, आणि माझा अंदाज आहे की ती सकाळ तुम्हाला या पत्रापेक्षा जास्त शिकवेल.

ऑफिसला जायला तुम्हाला गाडीची सक्ती नाही. घोडबंदर रोडवरून टीएमटीच्या बसने ठाणे स्टेशन, तिथून ट्रान्स-हार्बरची वाशी किंवा पनवेल लोकल, घणसोली किंवा कोपरखैरणेला उतरून रिक्षाने महापे. गर्दी असते आणि त्या सोमवारी ती जास्तच टोचेल, पण खिडकीजवळ उभं राहून दिघा-ऐरोलीपर्यंत डोळे मिटता येतात. गाडीत ते येत नाही. शक्य असेल तर अर्ध्या दिवसाची रजा टाका, मात्र आजच टाका.

मुलीशी बोला. तिला आकडे सांगायची गरज नाही. तू त्या दिवशी बोललीस ते बरोबर होतं, त्या सकाळी मी गाडी चालवायला नको होती, पुन्हा असं वाटलं तर पुन्हा सांग, एवढं तिच्या डोळ्यांत बघून म्हणा. पोरं असं एकदा बोलतात आणि बाबा गप्प झाला की पुढच्या वेळी बोलत नाहीत. तुमच्या गाडीतलं सगळ्यात चांगलं यंत्र मागच्या महिन्यात शेजारच्या सीटवर बसलं होतं. (आणि तिला मागच्या सीटवर बसवत जा, बेल्ट लावून. तिसरीतल्या मुलीची जागा पुढे नाही.)

शाळेच्या व्हॅनवाल्या काकांना त्या एका सोमवारसाठी विचारायचं असेल, तर या आठवड्यातच फोन करा. रविवारी रात्री त्यांची गाडी भरलेली असते आणि सोमवारी सकाळी सहाला ते फोन उचलत नाहीत, कारण ते गाडी चालवत असतात.